होपी कचिना बाहुल्या: पहिली खरेदी कोणती करावी, आणि खान्देशच्या हवेत त्या टिकतील का?

तापीकाठ_भुसावळ (प्रश्न)

बठ्ठासले राम राम.

ॲरिझोनातल्या होपी लोकांच्या लाकडी कोरीव कचिना बाहुल्यांचा छोटा संग्रह सुरू करायचा आहे. आपल्याकडची लाकडी खेळणी आणि सोंगांचे मुखवटे जमवत असल्यामुळे लाकूड, रंग थोडेफार ओळखता येतात. होपी कामाचं मात्र वाचन आहे, हाताळणं नाही. सध्या दोन बाहुल्या विक्रीला दिसत आहेत.

पहिली सुमारे ३० सेंमी उंच. गोल लाकडी बैठकीवर उभी, एक पाय उचललेला. अंगावर पांढरी फर, पायात खऱ्या कातड्याचे बूट, हातात धनुष्य आणि खुळखुळा, बैठकीखाली सही. विक्रेता लिहितो, 'अस्सल नेटिव्ह अमेरिकन कचिना'.

दुसरी १८ सेंमी. बैठक नाही, हात पोटाशी चिकटलेले, मानेला दोरी. रंग मातकट, आणि विक्रेता आधीच सांगतो की घासला तर बोटाला लागेल. होपी कारागिराचं नाव आणि गाव दिलं आहे. किंमत पहिलीच्या जवळजवळ तिप्पट.

कुठली घ्यावी? अस्सल-नक्कल कशी ओळखावी? पार्सल मागवताना काय अडचणी येतात? आणि मे महिन्यातला भुसावळचा उन्हाळा व त्यानंतरचा पावसाळा या लाकडाला सोसेल का? रंग सुटतो तर वरून वार्निशचा हात मारावा का?

---

कातारी_धुळे

भाऊ, वार्निशला आधी नाही म्हणतो, कारण ते एकदा बसलं की परत निघत नाही. पांढऱ्या मातीच्या थरात वार्निश शोषलं जातं, रंग काळपट होतो आणि बाहुलीची किंमत त्याच दिवशी कोसळते. जवसाचं तेल, मेण, फ्रेंच पॉलिश यांचंही तेच.

आता पहिली बाहुली. फर, कातडी बूट आणि बैठक हे वर्णन वाचून ती नाव्हाहो कामाची असण्याची शक्यता फार आहे. नाव्हाहो हे होपींचे शेजारी, पण त्यांच्या धर्मात कत्सिना नाहीत. (कत्सिना म्हणजे होपी ज्यांना मानतात ते आत्मे, या बाहुल्या त्यांच्याच; 'कचिना' हा त्याच शब्दाचा रुळलेला उच्चार.) पर्यटकांसाठी ते अशा बाहुल्या मोठ्या संख्येनं करतात. धड बहुतेक वेळा लेथवर कातलेलं असतं, हातपाय वेगळे करून चिकटवलेले असतात, आणि लाकडावरचं साधं काम झाकायला फर, चामडं, मणी, पिसं लावतात. म्हणून विक्रेत्याचं 'नेटिव्ह अमेरिकन' खोटं नाही, पण त्यानं 'होपी' हा शब्द टाळला आहे हे बघा. त्याला एका ओळीत विचारा: ही होपी कारागिरानं कोरलेली आहे असं पावतीवर लिहून द्याल का? अमेरिकेत १९९० च्या कायद्यानं एखादी वस्तू ज्या जमातीची नाही तिची म्हणून विकणं गुन्हा आहे. व्यक्तीला पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्याच्याकडे खरा माल आहे तो लिहून देतो. बाकीचे विषय बदलतात.

लाकडाबद्दल. होपी बाहुली कॉटनवुडच्या मुळाची असते. कॉटनवुड म्हणजे पॉप्लरच्या कुळातलं झाड, ओढ्या-नद्यांच्या काठी वाढणारं. खोड चालत नाही, मूळच लागतं: ते हलकं असतं, रेषा बारीक आणि सारखी असते, चाकूनं कोणत्याही दिशेला कापलं तरी फारसं फाटत नाही. झाडाचं मूळ पाण्याचा शोध घेत जातं आणि होपींची सगळी पूजा पावसासाठी आहे, तेव्हा या लाकडाला धर्मातही जागा आहे. पूर्वी लिटल कोलोरॅडो नदीच्या पुरात वाहून आलेली मुळं वेचून वाळवत. आता चांगलं मूळ मिळणं अवघड झालं आहे, आणि किमतीत त्याचाही वाटा असतो.

हातात घेतल्यावर पहिली खूण वजन. तुमची दुसरी बाहुली १८ सेंमी उंच आणि समजा ५ सेंमी जाड असेल तर ती १०० ग्रॅमच्या आतबाहेर भरायला हवी. २०० च्या वर गेली तर लाकूड दुसरं आहे. विक्रेत्याकडून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून फोटो मागवा, यात कुणी नाराज होत नाही. तळपायाच्या बाजूनं लाकडाचा आडवा छेद दिसतो, तिथला जवळून घेतलेला फोटोही मागा. पाइनसारख्या लाकडात तिथे फिकट-गडद वर्षवलयं ठसठशीत दिसतात. कॉटनवुडच्या मुळात रंग जवळजवळ एकसारखा असतो. लेथची खूण पाहायची असेल तर धडावर तिरपा उजेड पाडा. हातानं कोरलेल्या धडाला किंचित चपटे पैलू राहतात आणि डावी-उजवी बाजू तंतोतंत जुळत नाही.

जुन्या पद्धतीत काम असं चालतं: करवतीनं लांबी कापायची, कुऱ्हाड-पटाशीनं ढोबळ आकार, मग चाकू, मग कानस किंवा वाळूच्या दगडानं गुळगुळीत करायचं. कान, शिंगं, नाकाड वेगळं कोरून लाकडी खुंटीनं बसवायचं. त्यावर पांढऱ्या केओलिन मातीचा हात आणि मग रंग. लाल आणि पिवळा लोहमातीचा, हिरवा-निळा तांब्याच्या खनिजांचा, काळा काजळीचा. चिकटण्यासाठी त्यात काही फारसं नसतं, म्हणून तो बोटाला लागतो. तुमच्या विक्रेत्यानं हे आधी सांगितलं ही चांगली खूण समजा.

---

अभ्यासिका_जळगाव

कातारीदादांनी लाकूड सांगितलं, मी काळाबद्दल लिहिते, कारण 'जुनी' हा शब्द विक्रेते फार सैल वापरतात.

१९१० च्या आधीच्या बाहुल्यांचं शरीर म्हणजे जवळजवळ सरळ दांडका. डोकं मोठं, हात पोटावर कोरलेले किंवा नुसते रंगवलेले, पाय आखूड, पावलं नावापुरती. सगळा भर मुखावर, कारण कोणता कत्सिना आहे ते मुखावरूनच ओळखायचं असतं. नंतर हात हळूहळू धडापासून सुटू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर गिऱ्हाइकांना नाचत्या मुद्रेतल्या बाहुल्या आवडू लागल्या, तशी गुडघ्यात वाकलेली, पाय उचललेली, बैठकीवर उभी बाहुली आली. १९७० नंतर तर विजेच्या बारीक हत्यारांनी एका मुळातून बोटांची नखं आणि पिसांच्या शिरासुद्धा कोरल्या जाऊ लागल्या. आणि त्याच दशकात मॅनफ्रेड सुसुंकेवा यांच्यासारखे कारागीर मुद्दाम मागे वळले: मातीचे रंग, पोटाशी हात, बैठक नाही. तुमची दुसरी बाहुली या वळणाची दिसते. म्हणजे ती दिसायला १९०० ची आणि बनलेली अलीकडची. यात फसवणूक काही नाही, फक्त विक्रेत्यानं ती शंभर वर्षांची म्हणून विकू नये.

बैठक नसण्याचं कारण उघड आहे. होपी घरात या बाहुल्या भिंतीला किंवा आढ्याच्या लाकडाला दोरीनं टांगतात. होपी भाषेत तिला तिहू म्हणतात, अनेक असल्या की तिथू. हिवाळ्यातल्या अयनापासून जुलैतल्या निमान सोहळ्यापर्यंत कत्सिना गावांत येतात, बाकीचे महिने फ्लॅगस्टाफजवळच्या सॅन फ्रान्सिस्को शिखरांवर राहतात असं होपी मानतात. फेब्रुवारीतल्या पोवामू सोहळ्यात आणि निमानच्या दिवशी नाचणारे कत्सिना मुलींना या बाहुल्या देतात. तान्ह्या बाळाला मिळते ती चपटी फळी, तिच्यावर फक्त चेहरा उठावात. बहुधा ती हाहाइ वूती, म्हणजे सगळ्या कत्सिनांची आई.

नव्या संग्राहकाला माझा सल्ला आहे की पहिली खरेदी या चपट्या बाहुलीची करावी. तिच्यात झाकायला जागा नसते. लाकूड, पांढरा हात, रंगाची रेघ, सगळं समोर दिसतं आणि डोळा तयार होतो. किंमतही पूर्ण उंचीच्या बाहुलीपेक्षा बरीच कमी असते.

कुठला कत्सिना आहे हे ओळखणं हा यातला सगळ्यात गोड भाग. प्रकार तीनशेच्या वर आहेत. अभ्यासक हॅरॉल्ड कोल्टन यांनी १९४९ मध्ये त्यातल्या बऱ्याच प्रकारांना क्रमांक दिले, आणि आजही विक्रीच्या याद्यांत 'कोल्टन क्रमांक' लिहिलेला आढळतो. मुख पाहताना या क्रमानं जा: डोक्याचा आकार (गोल टोप, वरची उभी फळी, शिंगं), मग डोळे (रंगवलेले की बाहेर आलेले), मग तोंड (नळी, चोच, दात असलेला जबडा), मग कान, आणि शेवटी गालावरच्या खुणा. रंगांना दिशा आहेत: पिवळा उत्तरेचा, निळा-हिरवा पश्चिमेचा, लाल दक्षिणेचा, पांढरा पूर्वेचा, काळा वरचा, सगळे रंग एकत्र ते खालचे. त्यामुळे एकच कत्सिना वेगवेगळ्या रंगांत भेटतो, ते चुकीचं समजू नका.

एक सापळा मात्र आहे. ओराइबी या होपी गावाचे प्रमुख विल्सन तावाक्वाप्तेवा यांनी पर्यटकांसाठी कोरलेल्या बाहुल्यांत एकाचे कान, दुसऱ्याचं तोंड असं मुद्दाम मिसळलं, म्हणजे खरा कत्सिना विकला जाऊ नये. त्या कोणत्याच यादीशी जुळत नाहीत, तरी अस्सल होपी आहेत आणि संग्राहक त्या शोधत असतात. म्हणून 'ओळख पटत नाही' एवढ्यावरून नक्कल ठरवू नये.

सहीबद्दल. एकोणिसाव्या शतकातल्या बाहुलीवर सही नसते. जिमी केवानवीतेवा हे सही करणाऱ्या अगदी पहिल्यांपैकी, आणि तो रिवाज सर्वत्र पसरायला पुढे बरीच वर्षं लागली. कुणी '१८९० ची, सहीसह' म्हणालं तर पुढचं ऐकायची गरज नाही.

---

सातपुडा_शहादा

ओळख-पारख झाली, एक गोष्ट मी आग्रहानं सांगतो. बाहुली घ्या, मुखवटा कधीही घेऊ नका. नाचताना डोक्यावर चढवतात ती मुखं होपींच्या दृष्टीनं जिवंत आहेत, त्यांना खाऊ घालतात, जपतात. ती कुणा एकाची मालमत्ता नसतात, म्हणून विकण्याचा हक्कही कुणा एकाला नसतो. एप्रिल २०१३ मध्ये पॅरिसला अशी सुमारे ७० मुखं लिलावात काढली गेली. होपींनी कोर्टात जाऊनही लिलाव थांबला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरा लिलाव झाला तेव्हा ॲनेनबर्ग फाउंडेशननं २४ वस्तू ५ लाख ३० हजार डॉलरना विकत घेतल्या, त्या परत देण्यासाठी. त्यातल्या २१ होपींच्या होत्या. आपल्या सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीत मानता (नवस) धरून सोंग घेतलेल्या बुध्याचा मोरपिसांचा टोप कुणी शो-केससाठी मागितला तर अक्कलकुवा-धडगावात काय वाटेल, तेच तिथे वाटतं.

बाहुलीचं तसं नाही. ती देण्यासाठीच बनते आणि कारागीर ती उघडपणे विकतात, अनेक घरं त्यावर चालतात. पण प्रत्येक कोरीव लाकडी आकृती बाहुली नसते हेही ध्यानात असू द्या. १९७८ मध्ये शुंगोपावी गावातून तालावतुमसी या पवित्र लाकडी आकृती चोरीला गेल्या आणि गावाला परत मिळाल्या नाहीत. त्यांच्यावाचून तिथल्या तरुणांची मोठी दीक्षा अडली. तेव्हा वेदीवरची, गुहेतली, 'समारंभात वापरलेली' असं कौतुकानं लिहिलेली कोणतीही आकृती समोर आली की बाजूला व्हा. डिसेंबर २०२२ पासून अमेरिकेत बेकायदा मिळवलेल्या अशा वस्तू देशाबाहेर पाठवण्यावरही स्वतंत्र कायद्यानं बंदी आहे.

कुणी तिकडे जाणार असेल तर: गावं तीन पठारांवर आहेत, फर्स्ट, सेकंड आणि थर्ड मेसा. दारावर 'बाहुल्या आहेत' अशी पाटी दिसली की आत जाऊन थेट कारागिराकडून घेता येते. गावात फोटो, रेकॉर्डिंग, चित्र काढणं, सगळं मना आहे. विकत घेतलेल्या बाहुलीचा फोटो काढतानाही कारागिराला विचारावं.

---

पार्सलवाला_अमळनेर

मागवण्याबद्दल कुणी लिहिलं नाही, मी लिहितो.

पिसं हा सगळ्यात नाजूक भाग. अमेरिकेतल्या बहुतेक साऱ्या रानपक्ष्यांची पिसं १९१८ च्या कायद्याखाली येतात आणि गरुडासाठी १९४० चा वेगळा कायदा आहे. गरुडाचं पीस लागलेली बाहुली जुनी असली तरी विकता येत नाही. त्यामुळे जुन्या बाहुल्यांची मूळ पिसं विकण्याआधी काढून कोंबडीची-टर्कीची लावतात किंवा भोकं रिकामी ठेवतात. शंभर वर्षांच्या लाकडावर नवी पिसं दिसली तर घाबरू नका, पण 'मूळ पिसांसह' असं लिहिलं असेल तर हात लावू नका. तिकडे निर्यातीला अडकेल, इकडे वन्यजीव कायद्यात. सोपा मार्ग म्हणजे लाकडातच पिसं कोरलेली किंवा पिसंच नसलेली बाहुली घेणे.

पावतीवर काय लिहिलं जातं याकडे लक्ष द्या. नुसतं 'बाहुली' लिहिलं की सीमाशुल्कवाले ती गट क्रमांक ९५०३ खाली, म्हणजे खेळण्यांत टाकू शकतात. खेळण्यांवर २०२३ पासून ७० टक्के मूळ शुल्क आहे, शिवाय बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) चिन्हाची अट. ही वस्तू खेळणं म्हणून विकली जात नाही. लाकडी शोभेच्या मूर्तींचा गट ४४२० आहे. विक्रेत्याला सांगा की 'हातानं कोरलेली लाकडी कलाकृती, प्रदर्शनासाठी, होपी कारागीर', कारागिराचं नाव, लाकूड, पिसं नाहीत आणि खरी किंमत, एवढं स्पष्ट लिही. किंमत कमी दाखवायला लावू नका. पार्सल अडकलं तर तुमच्याकडे पुरावा राहत नाही आणि विमाही तेवढ्याच रकमेचा मिळतो.

बांधणी: मातीच्या रंगाला बबल रॅप थेट लागला तर गोल ठसे उठतात. आधी आम्लरहित टिश्यू कागद सैल गुंडाळायचा, मग फोममध्ये बाहुलीच्या आकाराची खाच, शिंगं-कानांवर अजिबात दाब नको, मग एक खोकं, त्याभोवती चारही बाजूंना ५ सेंमी भरण, मग दुसरं खोकं. आलं की लगेच फोडू नका. एक-दोन दिवस खोलीत बंद राहू द्या, लाकडाला इथल्या हवेशी जुळू द्या. आणि जमलं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मागवा.

---

तापीकाठ_भुसावळ

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिली बाहुली सोडली. विक्रेत्यानं 'होपी' लिहून द्यायला नकार दिला, कातारीदादा.

दुसरीचे फोटो आले. वजन ९४ ग्रॅम. पिसं नाहीत. डोकं गोल, लालसर मातीच्या रंगाचं, डोक्याला गोल गाठी, डोळे आणि तोंड गोल कड्यांसारखे, मानेभोवती कापडासारखं काही, कमरेला काळा पट्टा. पाठीवर मानेपासून खाली एक उभी भेग आहे. भेगेची काळजी करावी का? आणि घरी ठेवायची जागा सांगा. घर जुनं धाब्याचं आहे, पुढे दोन स्लॅबच्या खोल्या. उन्हाळ्यात कूलर चालतो.

---

अभ्यासिका_जळगाव

हा कोयेमसी. इंग्रजीत 'मडहेड' नावानं विकला जातो. नाचात ढोल वाजवणारा, लोकांना हसवणारा, बऱ्याच सोहळ्यांत येणारा. वर्णन पूर्ण जुळतं. एवढंच लक्षात घ्या की याच्या मुखावर नक्षी नसते, त्यामुळे नक्कल करायलाही हाच सोपा पडतो. इथे ओळखीपेक्षा लाकूड आणि रंगाच्या कडा जास्त बोलतात. वजन चांगलं आहे.

भेगेबद्दल कातारीदादाच सांगतील.

---

कातारी_धुळे

उभी भेग मुळाच्या लाकडाला पडतेच, विशेषतः गाभा धडात राहिला असेल तर. बघायचं ते भेगेच्या आत. आत कोरं लाकूड दिसत असेल तर रंग आधी, भेग नंतर: सरळ गोष्ट. भेगेच्या आत रंग उतरलेला असेल तर भेग पडल्यावर रंग दिला आहे. नव्या कामात ते चालतं, कारागिरानं मूळ वाळताना पडलेल्या भेगेसकट कोरलं असेल. जुनी म्हणून विकत असतील तर मात्र तो पुन्हा दिलेला रंग आहे, किंमत निम्म्यावर आणा किंवा सोडा. लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल भरून भेग बुजवू नका. पावसाळ्यात लाकूड फुगलं की जागा नसल्यामुळे ते शेजारी नवी भेग पाडतं.

जुनेपणाची नक्कल कशी करतात तेही सांगून ठेवतो. चहाचं पाणी किंवा बूटपॉलिश लावून सगळीकडे सारखा काळपटपणा आणतात. खरी मळ खाचांत बसते आणि खरी झीज नाक, कानाच्या कडा, पाठ आणि दोरीखालच्या जागेवर येते. सँडपेपरनं आणलेली झीज एका दिशेच्या ओरखड्यांत दिसते, भिंगातून बघितली की लगेच.

---

हवापाणी_चोपडा

जागेबद्दल माझ्याकडून.

होपी गावं उंचावरच्या कोरड्या मुलखात आहेत, त्यामुळे आपला कोरडा मे महिना या लाकडाला तितका परका नाही, पारा ४५ च्या वर गेला तरी. नुकसान होतं ते बदलाच्या वेगानं, आणि खान्देशातल्या घरात तो वेग आणतो कूलर. दिवसा कूलर सुरू असताना खोलीतली आर्द्रता ७० च्या पुढे, रात्री बंद केला की झपाट्यानं खाली. रोज फुगणं, रोज आकसणं. लाकूड हलतं, त्यावरची माती हलत नाही, ती टवके होऊन सुटते. तेव्हा कूलर असलेली खोली बाद. धाब्याची खोलीही बाद, कारण मातीच्या भिंतीतला कोनाडा म्हणजे वाळवीला रस्ता आणि माळदातून माती झडत राहते. स्लॅबच्या ज्या खोलीत कूलर नाही तिथली आतली भिंत घ्या. पश्चिमेची बाहेरची भिंत नको, ती संध्याकाळपर्यंत तापलेली असते. स्वयंपाकघर आणि देवघरापासून लांब. फोडणीचा आणि उदबत्तीचा धूर मातीच्या रंगात मुरतो आणि पुसता येत नाही.

उघडी टांगली तर पाल आणि कुंभारीण यांचा बंदोबस्त लागेल. कुंभारीण माशी हाताखालच्या बेचक्यात मातीचं घर करते, ते काढताना रंग बरोबर येतो. म्हणून काचेची पेटी करा आणि बाहुली आत दोरीनंच टांगा. ६० × ४० × ४० सेंमीची, दाराला रबरी पट्टी लावलेली पेटी असेल तर तळाशी छिद्रांच्या फळीखाली सुमारे २ किलो सिलिका जेल. कोरडं जेल थेट टाकू नका, ते लाकडातलं पाणी ओढून घेतं. नोव्हेंबरात खोलीची आर्द्रता ५० च्या आसपास असते तेव्हा ताटात पातळ पसरून दोन-तीन आठवडे ठेवा, मग पेटीत. निळ्या दाण्यांचं टाळा, त्यात कोबाल्ट असतं, नारिंगी घ्या. पेटीत आर्द्रता ४५ ते ५५ राहिली तर उत्तम, पण ४० वर किंवा ६० वर स्थिर राहिली तरी रोज वरखाली होण्यापेक्षा बरी. ६५ च्या पुढे बुरशीची भीती सुरू होते.

आर्द्रतामापक स्वस्तातला चालेल, तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यात चिखल होईल इतकेच पाण्याचे थेंब. झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून १२ तास ठेवा. ७५ दाखवायला हवं. ७० दाखवलं तर पुढे प्रत्येक आकड्यात ५ मिळवा.

कीड. पेटीखाली पांढरा कागद अंथरा. त्यावर बारीक पीठ पडलेलं दिसलं तर भुंगेऱ्याची अळी आत आहे. औषध फवारू नका, डांबरगोळ्याही नकोत. रंग पक्का असेल तर बाहुली टिश्यूत, मग जाड पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ ते २० वर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण २४ तास उघडायची नाही, नाहीतर गार लाकडावर दव धरतं आणि केओलिनचा थर सुटतो. रंगाचे टवके आधीच सुटत असतील तर फ्रीझर नको, आधी संग्रहालयाच्या जतनतज्ज्ञाला दाखवा. सुटलेले टवके कागदाच्या पुडीत तारीख घालून जपा.

धूळ मऊ केसांच्या चित्रकलेच्या ब्रशनं, वर्षातून एकदा-दोनदा, तेही रंग घट्ट असेल तिथेच. ओलं फडकं कधीच नाही. उचलताना हातमोजे घाला आणि कमरेला धरा, कान-शिंगांना नाही. पुढे कधी एखाद्या संग्रहालयातून बाहेर पडलेली जुनी बाहुली घेतलीत तर नायट्राइलचे मोजे सक्तीचे. तिकडे पूर्वी कीड लागू नये म्हणून अशा वस्तूंवर आर्सेनिक मारत. होपींना परत मिळालेल्या वस्तूंवरही ते सापडलं आहे. तशी बाहुली लहान मुलांच्या हाताला येईल अशी ठेवू नये, आणि झटकलेला ब्रश दुसरीकडे वापरू नये.

---

तापीकाठ_भुसावळ

भेगेच्या आत कोरं लाकूड आहे, विक्रेत्यानं टॉर्च लावून फोटो पाठवला. पावतीचा मसुदा अमळनेरच्या भाऊंनी सांगितला तसा करून घेतला. डिसेंबरात पाठवायला सांगितलं आहे. सुताराला पेटीचं माप देतो. दाराची रबरी पट्टी आणि जाड काच भुसावळात मिळेल, सिलिका जेल मात्र जळगावहून आणावं लागेल असं दिसतं.

---

हवापाणी_चोपडा

पेटी एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) करू देऊ नका. त्यातून निघणारी वाफ बंद पेटीत साठते आणि मातीच्या रंगांना, दोरीला खाते. ॲल्युमिनियमची चौकट आणि काच सांगा. लाकूडच वापरायचं असेल तर आतल्या बाजूला ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून घ्या, आणि पेटी झाल्यावर दार उघडं ठेवून महिनाभर वारा लागू द्या. डिसेंबरची बाहुली असेल तर सुताराला दिवाळीच्या आधीच गाठा.